नववा खड्डा

“तिकडं नको, सायेब,” विश्राम कोळेकर म्हणाला. “बाकी कुठंबी खणा. सगळी जागा तुमचीच हाय.”

तोपर्यंत आठ खड्डे झाले होते आणि आठही वेळा या माणसाने स्वतः पहार हातात घेऊन आमच्या मजुरांना मदत केली होती. नवव्याला मात्र तो आडवा आला.

“का? काय आहे तिकडे?” मी विचारलं.

“काय न्हाई. मोकळी जागा हाय.”

“मग खणायला हरकत काय?”

“हरकत न्हाई... पर तिकडं नको.”

बँकेत कर्जाच्या अर्जांची छाननी करण्यात मी सव्वीस वर्षं घालवली होती. ‘काही नाही’ म्हणताना माणूस कुठे बघतो, हे मी सगळ्यात आधी बघत असे. विश्राम स्वतःच्या चपलांकडे बघत होता. मी प्रयोगशाळेच्या मगदूम मॅडमकडे वळलो आणि म्हणालो, “नववा खड्डा तिथेच.”

ही जागा म्हणजे सांगलीतल्या प्रभात प्लेटिंग वर्क्सचं सव्वातीन एकरांचं आवार. सायकलींची हॅन्डलं, नळ, दरवाजांच्या कड्या असलं काहीबाही तिथे चकचकीत होऊन बाहेर पडायचं. त्या चकाकीसाठी लागणारं क्रोमचं पाणी पस्तीस वर्षं टाक्यांतून झिरपून जमिनीत उतरलं होतं. एक दिवस मालक कुलूप लावून निघून गेला, अठ्ठावन्न कामगारांची देणी तशीच ठेवून. सहा वर्षं कोर्टात चपला झिजवल्यावर देण्यांच्या बदल्यात ही जमीन कामगारांच्या सोसायटीला मिळाली. जमीन मिळाली म्हणजे विष मिळालं. माती पिवळी पडलेली आणि बोअरचं पाणी हळद कालवल्यासारखं.

त्यांचा बेत साधा होता. विषारी माती उकरून सरकारमान्य जागी पाठवायची, चांगली माती भरायची, मागच्या बाजूला स्वतःसाठी घरं बांधायची आणि रस्त्याकडचा एक एकर दुकानांसाठी विकून कर्ज फेडायचं. सफाईचा निम्मा खर्च सरकार द्यायला तयार होतं, पण उरलेल्या निम्म्याचं कर्ज एखाद्या बँकेने आधी मंजूर केलं असेल तरच. त्यासाठी ते आमच्याकडे आले होते. कोर्टाने तीस जूनची मुदत घातली होती. तोवर सफाईच्या पैशांची सोय दाखवता आली नाही, तर जमीन लिलावात जाणार होती. विषासकट जमिनीला जो भाव आला असता, त्यातून एकेका घराच्या वाट्याला जुनी मोटारसायकल येती की नाही शंकाच.

आमच्या अध्यक्षांना हे प्रकरण अवघड वाटत होतं, आणि ते होतंच. तारण म्हणून जमीन, ती आजारी. ती बरी करायला आपणच पैसे द्यायचे आणि बरी झाली तरच तिला तारण म्हणायचं. “आठल्ये,” अध्यक्ष मला म्हणाले, “हो म्हणायला इथे सगळेच बसलेत. नाही म्हणायला मला तुम्ही लागता.” मी ते कौतुक समजून घेतलं.

संशय हा माझा स्वभाव आधीपासून नव्हता. दहा वर्षांपूर्वी एका प्लॉटवर मी डोळे झाकून कर्जाची शिफारस केली होती. प्लॉट म्हणजे बुजवलेली खाण निघाली, पहिल्याच पावसाळ्यात भिंत खचली आणि माझी वेतनवाढ दोन वर्षं थांबली. तेव्हापासून मी कुणाच्या शब्दावर विसंबत नसे. जागा बघायला जायचं तर न कळवता. चहा प्यायचा तर स्वतःच्या पैशांनी. माझ्या नाकाला वास येतो, असं मी बँकेत फुशारकीने सांगायचो.

विश्राम बरोबर उलटा. त्याला कसलाच वास यायचा नाही. बत्तीस वर्षं टाकीवर उभं राहून त्याच्या नाकातल्या मधल्या पडद्याला आरपार भोक पडलं होतं. हे त्यानेच मला पहिल्या भेटीत हसत हसत सांगितलं. सोसायटीचा तो अध्यक्ष. बोलायला मऊ, अंगाने काटकुळा, साठीच्या आसपासचा. बायको गेलेली, मुलगी आष्ट्याला दिलेली. आवाराला लागून कामगारांची पत्र्याची चाळ होती, तिथे तो एकटा राहायचा आणि त्याची भाकरी शेजारच्या शालन खोतकडून यायची. शालनचा नवरा आनंदा याच कारखान्यात, याच टाकीत पडून गेला होता. वीस वर्षं झाली होती त्याला. तेव्हापासून ती विश्रामला भाऊबीजेला ओवाळायची.

फाटकाशी लिंबाच्या झाडाखाली म्हसोबा होता. कारखाना बंद पडला तरी कामगारांनी अमावास्येचा शेंदूर कधी चुकवला नव्हता. आत पाऊल टाकणाऱ्याला विश्राम आधी तिथे नेई आणि बोटभर शेंदूर कपाळाला लावी. “रखवालदार हाय आमचा,” म्हणे. मी लावून घ्यायचो आणि स्कूटरपाशी आल्यावर रुमालाने पुसून टाकायचो.

नवव्या खड्ड्याची गोष्ट अशी की तो मगदूम मॅडमना तुलनेसाठी हवा होता. जिथे कधी टाकी नव्हती, पाइप नव्हता, काहीच सांडलं नव्हतं, अशी एक स्वच्छ जागा. तिच्या मातीशी बाकीच्या आठांची तुलना करायची. जुन्या गोदामामागचा ईशान्येचा कोपरा त्यासाठी नेमका होता. तिथल्या मातीचा रंगही चांगला काळाभोर होता. आणि नेमका तोच कोपरा या माणसाला नको होता.

मजुरांनी तिथे कमरेएवढा खड्डा घेतला. विश्राम लांब जाऊन गोदामाच्या पायरीवर बसला. पहार हातात घेतली नाही. मॅडमनी तीन पिशव्या भरल्या, चिठ्ठ्या लावल्या, मी सह्या केल्या. परत जाताना त्याने मला नेहमीसारखं फाटकापर्यंत सोडलं नाही.

पंधरा दिवसांनी कोल्हापूरहून मॅडमचा फोन आला.

“साहेब, आठ खड्ड्यांत अपेक्षेप्रमाणे क्रोम आहे. बरंच आहे, पण हिशोबात बसणारं. नवव्यात क्रोम जवळजवळ नाही.”

“म्हणजे जागा स्वच्छ आहे.”

“नाही. नवव्यात शिसं आहे. इतकं, की मी चाचणी पुन्हा केली. पुन्हा तेवढंच आलं.”

“शिसं? प्लेटिंगमध्ये शिसं कुठून आलं?”

“टाक्यांना असतं थोडं, पण टाक्या तिथून दीडशे फूट लांब. मधल्या खड्ड्यांत ते मिळत नाही. हे तिथेच, त्याच जागी कुणीतरी आणून टाकल्यासारखं आहे.”

माझ्या अंगावर शहारा आला, आणि खरं सांगायचं तर तो आनंदाचा होता. कुठेतरी पाणी मुरतंय हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं, आता ते कुठे हेही कळलं. आवारापासून हाकेच्या अंतरावर भंगारवाल्यांची ओळ होती. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचा धंदा अशा ओळींत गुपचूप चालतो. कारखाना बंद, कामगार उपाशी, जागा मोकळी. सहा वर्षं मागच्या कोपऱ्यात बॅटऱ्या वितळवल्या असणार आणि राख तिथेच पुरली असणार. एका कोपऱ्यात पुरली म्हणजे आणखी कुठे पुरली नसेल कशावरून? मग सफाईचा खर्च किती वाढेल हे कुणी सांगायचं? सरकारचा निम्मा वाटा क्रोमसाठी होता, शिशासाठी नव्हता. आणि जो ऋणको अर्ज करताना हे लपवतो, तो पुढे काय काय लपवील?

दुसऱ्या दिवशी न कळवता चाळीवर गेलो. विश्राम वकिलाकडे गेला होता. शालन दारात तांदूळ निवडत होती.

“बाई, त्या गोदामामागे पूर्वी कोण बसायचं?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“तिकडं? कोन न्हाई.”

“इतकी चांगली जागा. पोरं खेळायलाही जात नाहीत?”

“विश्रामदादा जाऊ देत न्हाई. साप हायत म्हनतो.” ती थांबली. “मी तर कवा बगितला न्हाई साप.”

एवढं मला पुरलं. अहवालाचा मसुदा मी त्याच संध्याकाळी केला. ‘शिशाचा उगम अज्ञात. ऋणकोने माहिती दडवल्याचा दाट संशय. कर्ज मंजूर करू नये.’ फक्त एक गोष्ट उरली होती. नियमाप्रमाणे नमुना दुसऱ्यांदा घ्यावा लागणार होता. मी विश्रामला बँकेत बोलावलं आणि सगळं सांगितलं.

शिशाचं नाव ऐकल्यावर तो गोंधळलेला दिसला. मला तो उत्तम अभिनय वाटला.

“शिसं न्हाई सायेब तिथं. शिसं कुठनं येईल?”

“तेच मी विचारतोय. काय पुरलंय तिथे?”

तो माझ्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसला. मग म्हणाला, “कर्ज अडतंय का त्यामुळं?”

“साफ अडतंय. अठ्ठावन्न घरांचं. गुरुवारी मॅडम पुन्हा येणार आहेत, पुन्हा खणणार. सांगायचं असेल तर आत्ता सांगा.”

त्याने तोंड उघडलं, दाराशी उभ्या असलेल्या आमच्या शिपायाकडे पाहिलं आणि मिटलं. “गुरुवारी ना?” एवढंच विचारून उठला.

गुरुवार सांगितला तो मुद्दामच. बुधवारी दुपारी मी स्कूटर रस्त्यावरच लावली आणि मागच्या पडक्या भिंतीतून आवारात शिरलो. मे महिन्यातलं ऊन होतं, चाळ पंख्याखाली पडली होती. गोदामाला वळसा घातला आणि बघतो तो काय, विश्राम कोळेकर नवव्या खड्ड्यात छातीपर्यंत उतरलेला. आमच्या खड्ड्यापेक्षा खोल आणि एका बाजूला वाढवून त्याने खणलं होतं. काठावर ओलं गोणपाट होतं आणि त्यात काहीतरी जड बांधलेलं.

“काय चाललंय, कोळेकर?”

तो इतका दचकला की हातातलं खोरं पडलं. घामाने निथळत होता. आधी त्याने गोणपाटावर हात ठेवला, मग माझ्याकडे पाहिलं.

“सायेब, एकटंच हाय का तुमी?”

“का?”

“मग बसा हितं. तुमास्नी एकट्याला सांगतो. सगळं सांगतो. फकस्त बाकीच्यांस्नी बोलवू नका. पाया पडतो.”

‘तुम्हाला एकट्याला सांगतो.’ सव्वीस वर्षांत हे वाक्य मी निदान पन्नास जणांच्या तोंडून ऐकलं होतं. त्यापुढे नेहमी एक पाकीट यायचं, नाहीतर कुणा पुढाऱ्याचं नाव, नाहीतर रडणं. बुजवलेल्या खाणीच्या मालकानेही हेच म्हटलं होतं आणि तेव्हा मी ऐकत बसलो होतो. या वेळी मला साक्षीदार हवे होते.

“एकट्याला काही नको,” मी म्हणालो. “जे आहे ते सगळ्यांसमोर.”

आणि मी हाका मारल्या. चाळीच्या दिशेने तोंड करून, दोन्ही हात तोंडाशी नेऊन, सोसायटीच्या सचिवाच्या नावाने, मग कुणाच्याही नावाने. विश्रामने खड्ड्यातून माझी पँट धरली. “नको सायेब, तुमास्नी एकट्याला सांगतो, नको वं,” म्हणत राहिला. मी पाय सोडवून घेतला.

शालन सगळ्यात आधी आली, खरकटे हात पदराला पुसत. मागून माणसं, बाया, पोरं. पाच मिनिटांत खड्ड्याभोवती पन्नासएक जण उभे राहिले. मी थोडक्यात सांगितलं: इथे शिसं पुरलेलं आहे, त्यामुळे तुमचं कर्ज अडतंय आणि तुमचे अध्यक्ष पुरावा हलवताना सापडले आहेत. लोक एकमेकांकडे बघू लागले. “विश्रामअण्णा, काय हाय हे?” कुणीतरी विचारलं. तो खड्ड्याच्या तळाशी बसून होता.

मी स्वतःच्या हाताने गोणपाटाची गाठ सोडली.

आत बॅटऱ्या नव्हत्या. शेंदराचे जाडजूड थर होते, चार-पाच तुकड्यांत फुटलेले, मातीने काळवंडलेले, पण फुटलेल्या कडेला अजून लालभडक. सगळ्यात मोठा तुकडा पालथा होता. मी तो उलटा केला. आतून त्याला खोलगट आकार होता, एक कपाळ, नाक आणि दोन डोळ्यांचे खळगे.

पहिल्यांदा कुणाला कळलं नसेल तर ते मलाच. बाकी सगळ्यांचे हात आपसूक जोडले गेले.

वर्षानुवर्षं देवाला शेंदूर चढवत राहिलं की थर जाड होतो आणि एक दिवस आपल्या वजनानेच सुटून पडतो. म्हसोबाने खोळ टाकली, असं म्हणतात. तशी खोळ पडली की एका माणसाने उपास धरून ती वाहत्या पाण्यात सोडायची असते, नाहीतर देव कोपतो असं मानतात. प्रभातच्या म्हसोबाने वीस वर्षांपूर्वी खोळ टाकली, तेव्हा तो मान विश्रामचा होता. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त शालनचा आवाज ऐकला.

“दादा, ही तर तू किष्णंत सोडलीवतीस ना?”

तो खालूनच बोलला, वर न बघता. कृष्णेला पूर होता. घाटावर पोलिसांनी दोर बांधले होते, कुणाला पाण्याजवळ जाऊ देत नव्हते. पस्तीस-चाळीस किलोचं ओझं सायकलवर बांधून तो परत आला, तर इकडे सगळ्यांनी नारळ फोडून टाकले होते, गूळ वाटून झाला होता. वाहून आलास का, असं विचारलं तेव्हा त्याच्या तोंडून हो गेलं. पूर उतरला की नेऊ म्हणून खोळ त्याने गोदामामागे पुरली.

“आन मग अठरा दिसांनी आनंदा गेला,” तो म्हणाला. “मग कुनाला सांगू? कसं सांगू? खोळीला पुन्यांदा हात लावायचाबी धीर झाला न्हाई.”

शालन पुढे झाली. तिने त्या तुकड्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि माणसांतून वाट काढत निघून गेली. तिच्यामागे एकेक करून बाकीचेही. कुणी त्याला शिवी दिली नाही. खड्ड्यातून वर यायला हात मात्र कुणी दिला नाही. मीही दिला नाही. मला सुचलंच नाही.

गुरुवारी मगदूम मॅडम आल्या, तुकडा हातात घेतला आणि हसल्या. “साहेब, खरा शेंदूर म्हणजे काय माहीत आहे का? शिशाचीच भुकटी. आपण बॅटऱ्या शोधत होतो.” मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं.

खोळ आता तरी नदीत सोडू द्या, असं विश्रामने त्यांना हात जोडून विचारलं. मॅडमनी त्याला नीट समजावलं. ते पाणी खालची गावं पितात. ही खोळ बाकीच्या विषारी मातीबरोबरच जायला हवी, बंद पिंपात. त्याने मान डोलावली. “मग पिंपात मी ठेवू का?” मॅडमनी त्याला रबरी हातमोजे दिले. त्याने ते हातात धरले, उलटसुलट करून पाहिले. “बत्तीस वर्षांत कुनी दिलं न्हवतं वं हे,” म्हणाला आणि घातले. एकेक तुकडा त्याने दोन्ही हातांनी आत ठेवला. चाळीतून कुणी आलं नाही.

माझा अहवाल मी फाडला आणि नवा लिहिला. शिसं फक्त एका जागी, उगम ज्ञात, खर्च एका पिंपाचा. ऋणकोच्या हेतूबद्दल शंका नाही. जूनच्या बावीस तारखेला कर्ज मंजूर झालं, सरकारचा निम्मा हिस्साही आला. पिवळी माती ट्रक भरभरून वर्षभर जात होती. दुकानांचा एकर चांगल्या भावाला गेला. तीन वर्षांनी चार मजली दोन इमारती उभ्या राहिल्या. पाण्याची चाचणी स्वच्छ आली. अशा जमिनीसाठी कर्ज देऊन ते वसूल करणारी बँक म्हणून आमचं कौतुक झालं, त्यातलं थोडं माझ्याही वाट्याला आलं.

वास्तूच्या दिवशी सोसायटीने मला शाल आणि नारळ दिला. व्यासपीठावर नवा अध्यक्ष होता. मी विश्राम कुठे दिसतो का बघत होतो. त्याच्या नावाची खोली दुसऱ्या मजल्यावर होती, तिला कुलूप होतं. तो त्या मे महिन्यातच मुलीकडे आष्ट्याला निघून गेला होता, असं कळलं. कुणी घालवलं नव्हतं. फक्त त्याच्याकडे भाकरी यायची बंद झाली होती.

मी शाल घडी करून निघालो तेव्हा फाटकाशी म्हसोबाजवळ शालन उभी होती.

“सायेब, इचारू का एक?”

“विचारा ना.”

“त्यो म्हनला हुता तुमास्नी, एकट्याला सांगतो म्हनून. मी ऐकलं हुतं. पयली मीच आले हुते.” तिचा आवाज चढला नव्हता. “मग का न्हाई ऐकून घेतलं?”

“बाई, मला संशय होता की—”

“असू दे की. आदी ऐकायचं, मग बोलवायचं. आमी कुठं पळून चाललो हुतो?”

इतक्या वर्षांत ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

“वीस वरसं माजा मालक पाय घसरून गेला हुता,” ती म्हणाली. “आता सकाळी उठलं की वाटतंय, ती खोळ तवाच पान्यात गेली असती तर? तसं काय नसतंय, मलाबी कळतंय. पर वाटतंय. आन दादाच्या तोंडाकडं बगितलं की जास्तच वाटतंय. म्हनून बगत न्हाई.” तिने म्हसोबाच्या पायाशी पडलेलं एक लिंबाचं पान उचलून बाजूला टाकलं. “घर झालं. लई चांगलं झालं. भाऊबीजेला ताट करते आन तसंच ठेवते.”

मला आयुष्यात पुष्कळांनी बोल लावले आहेत, पण मी तेव्हा जेवढा शरमलो तेवढा कधी शरमलो नाही. घरी आलो तर बायकोने शालीची चौकशी केली. मी तिला शाल दिली, बाकी काही सांगितलं नाही.

पुढच्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, एसटीने आष्ट्याला गेलो. न कळवता. सवय ती सवय. दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती, त्याला सांगलीला घेऊन जावं असं काहीतरी मनात होतं. शालनने बोलावलं नव्हतं. मीच ठरवलं होतं, आणि त्याआधी मला त्याची माफी मागायची होती.

विश्रामच्या मुलीचं घर माणसांनी भरलेलं होतं. जावई, त्याचे भाऊ, सोप्यात पत्ते, अंगणात पोरांचे फटाके, चुलीपाशी तीन बाया. विश्राम खुर्चीत बसून करंजी खात होता. आणखी वाळला होता. मला बघून गडबडीने उठला, हात पुसले. “आठल्येसायेब! या, या. अगं, सांगलीचं बँकेचं सायेब आलंत, पानी आन.” सगळं घर माझ्याकडे वळलं. मला खुर्ची दिली, फराळाचं ताट पुढे आलं. सगळे कौतुकाने बघत बसले की आता हे मोठे साहेब काय बोलणार.

मी रस्ताभर एक वाक्य घोकून आणलं होतं. इतक्या लोकांसमोर मला ते बोलताच येईना. चकली तोंडात फिरत राहिली. शेवटी मी पुढे वाकलो आणि खालच्या आवाजात म्हणालो, “कोळेकर, जरा... तुमच्याशी एकट्याशी बोलायचं होतं.”

बोलून गेल्यावर मला कळलं मी काय बोललो ते. त्यालाही कळलं. क्षणभर तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी मान खाली घातली.

मग तो उठला. जावयाला म्हणाला, “पावनं, जरा भाईर बसता का?” पत्त्यांचा डाव त्याने गोळा करायला लावला. बायांना मागच्या अंगणात पाठवलं. दारात डोकावणाऱ्या नातीला करंजी देऊन वाटेला लावलं. कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं, त्यालाही “काय न्हाई, सायबांचं काम हाय,” असं सांगितलं. सगळे गेल्यावर त्याने दार ओढून घेतलं, कडी लावली, खिडकीही लोटली. आपली खुर्ची उचलून माझ्या अगदी जवळ आणली आणि बसला.

“बोला सायेब,” तो म्हणाला. “आता कोन न्हाई.”